नवा ड्रायव्हर आणि दसऱ्याची पगारवाढ

"राऊत, तू आयुष्यभर बोईसरच्या एका पत्र्याच्या ऑफिसात बसलास. कुठे गेला नाहीस की आला नाहीस. मग तुझ्याकडे एवढे किस्से येतात कुठून?" असं मित्रमंडळी मला नेहमी विचारतात. त्यांना मी सांगतो, ट्रान्सपोर्टवाल्याला कुठे जावं लागत नाही. गाडी येते तेव्हा तिच्या टायरला चार गावांचा चिखल असतो. तो वाळतो आणि ऑफिससमोर गळून पडतो. किस्से तसेच येतात. झाडणारा मी एकटा, त्यामुळे ढीग माझ्याकडेच साठला.

त्यातला सगळ्यात मोठा ढीग पगारवाढीचा, आणि त्यातही नव्या ड्रायव्हरांच्या पगारवाढीचा.

आमच्या मालकांना सगळे नानाशेठ म्हणत. मूळचे माकुणसारचे. तरुणपणी स्वतः ट्रक चालवून गवताचे भारे मुंबईला न्यायचे. तारापूरला कारखाने उभे राहिले तशा त्यांच्या गाड्या वाढल्या. मी ऐंशीच्या सुमाराला त्यांच्याकडे क्लार्क म्हणून लागलो. उमरोळीहून सायकलने यायचो. मालाच्या पावत्या म्हणजे बिल्ट्या फाडणं, फोन घेणं, पगार वाटणं आणि शेठ तापले की माठातलं पाणी देणं, ही माझी कामं.

शेठचा पगारवाढीचा कायदा सोपा होता. नवीन लागलेला ड्रायव्हर तीन दसरे होईपर्यंत 'नवा'. नव्याचा पगार कमी. दरवर्षी दसऱ्याला गाड्यांची पूजा झाली की शेठ एकेका नव्याला आत बोलावणार, वर्षभर काय केलंस ते विचारणार आणि मनाला येईल तेवढी वाढ देणार. तिसऱ्या दसऱ्याला तो 'पक्का'. पक्क्याला पगार जुन्यांच्या बरोबरीने, वर दिवाळीला बोनस.

"नव्याला एकदम वाढ देऊ नये," शेठ मला समजावून सांगायचे. "त्याला वाटतं आपल्याला गाडी येते. मग तो ठोकतो."

*

माझ्या पहिल्याच दसऱ्याला दोन नवे ड्रायव्हर होते. एक बेटेगावचा दामू, दुसरा शिरसाट म्हणून मराठवाड्यातून आलेला.

दामू आधी आत गेला. झेंडूचं फूल कानाला, शर्टला इस्त्री.

"काय केलंस वर्षभरात?" शेठनी विचारलं.

"शेठ, एक बी ॲक्सिडेंट नाय. गाडीला साधा ओरखडा नाय."

"मग? गाडी न ठोकण्यासाठीच पगार देतो ना मी? त्यात वेगळं काय केलंस?"

दामूला दहा रुपये वाढ मिळाली. तो बाहेर आला. मग शिरसाट आत गेला. याने भर पावसात चिल्हारच्या रस्त्यावर गाडी थेट एका भाताच्या खाचरात उतरवली होती. गाडी काढायला क्रेन आणावी लागली, शेतकऱ्याला भरपाई द्यावी लागली. आता याला नारळ मिळणार, असं आम्ही धरून चाललो होतो. शिरसाट बाहेर आला तो तोंड भरून हसत. दामूच्या तिप्पट वाढ!

मला राहवलं नाही. शेठना विचारलं, हे कसं?

शेठ म्हणाले, "राऊत, याला शिकवायला माझी एक क्रेन आणि अर्धं खाचर गेलंय. आता हा पावसात जन्मात जोरात जाणार नाही. एवढा खर्च करून शिकवलेला माणूस पलीकडच्या ट्रान्सपोर्टवाल्या रतनशेठने नेला, तर ती क्रेन मी त्याच्यासाठी आणली असं होईल. याला धरून ठेवायला पाहिजे."

दार उघडंच होतं. दामूने सगळं ऐकलं. तो हळूच दारात येऊन उभा राहिला आणि अगदी नम्रपणे म्हणाला,

"शेठ, मग मला बी एकादा बऱ्यातला खाचर दाखवून ठेवा."

*

पुढे शेठच्या लक्षात आलं की तोंडी विचारण्यात अर्थ नाही, परीक्षा घ्यायला हवी. परीक्षा रिव्हर्सची. रस्त्यावरून गाडी उलटी आणून आमच्या अंगणात, ऑफिसला लागून नीट उभी करायची. शेठ स्वतः मागे उभे राहून हात करणार.

शंकर नावाचा मुलगा होता, नगरकडचा. गाडी चांगली चालवायचा, पण घाबरट. मी त्याला धीर दिला, "घाबरू नको. शेठ सांगतील तसं कर. ते 'येऊ दे' म्हणाले की येऊ दे, 'बस' म्हणाले की बस."

परीक्षा सुरू झाली. शेठ मागे उभे. "येऊ दे... येऊ दे... डावी मार... येऊ दे..."

गाडी बरोबर येत होती. एवढ्यात आत फोन वाजला. मी उचलला. एका कारखान्याचे साहेब होते, त्यांना शेठच हवे होते. शेठनी शंकरला हाताने थांब अशी खूण केली आणि आत आले. पण खूण त्यांनी ज्या बाजूला केली त्या बाजूचा आरसा शंकरच्या गाडीला नव्हता.

साहेब विचारत होते, आमचा माल आजच पाठवला तर घ्याल का. शेठ खिडकीशी उभं राहून फोनवर मोठ्यांदा म्हणाले, "येऊ दे की! येऊ दे, येऊ दे. भरपूर जागा आहे. बिनधास्त येऊ दे."

ऑफिसचा मागचा पत्रा आत आला. त्याच्यामागून ट्रकचा मागचा फाळका आला. माझं टेबल माझ्यासकट भिंतीला लागलं. माठ फुटला.

शेठ फोन हातात धरून फाळक्याकडे बघत होते. पलीकडून साहेब "हॅलो, हॅलो" करत होते. शेठ म्हणाले, "आला. ठेवतो."

शंकर केबिनमधून उतरला आणि विचारू लागला, "शेठ, पास का?"

शेठनी फोन जागेवर ठेवला. मग म्हणाले, "तू सांगितलेलं ऐकतोस, एवढं दिसलं."

त्याला वाढ मिळाली. त्या वाढीतून पत्र्याचे पैसे मात्र पुढच्या दसऱ्यापर्यंत कापले गेले.

*

त्यानंतर शेठचा पुतण्या प्रकाश आला. बी.कॉम. होऊन आलेला. त्याने काकांना सांगितलं, "ही मनमानी बंद करा. सिस्टीम पाहिजे. जो ड्रायव्हर डिझेल वाचवेल, त्याला वाढ."

शेठना 'वाचवेल' हा शब्द आवडला. त्यांनी प्रकाशला मोकळीक दिली.

प्रकाशने वर्षभर प्रत्येक गाडीचं डिझेल लिहून ठेवलं. ड्रायव्हरांनीही जीव तोडून डिझेल वाचवलं. उतारावर इंजिन बंद करून गाड्या सोडायला लागले. दामू तर मनोरच्या नाक्यावर रांग असली की इंजिन बंद करून खाली उतरायचा आणि ओळखीच्या माणसांकडून ट्रक ढकलून घ्यायचा.

दसरा आला. प्रकाशने खुर्चीवर उभं राहून नाव वाचलं. सगळ्यात कमी डिझेल जाळल्याबद्दल सगळ्यात मोठी वाढ रघू म्हात्रेला.

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. रघूच्या गाडीचा गिअरबॉक्स गुढीपाडव्याच्या सुमाराला गेला होता. पार्ट मिळेना म्हणून गाडी पावसाळाभर पालघरच्या गॅरेजात पडून होती आणि रघू रोज तिच्या सावलीत झोपून होता.

प्रकाशच्या ध्यानात चूक आली, पण चारचौघांत जाहीर केलेलं मागे कसं घेणार? त्याने खाकरून विचारलं, "रघू, काही बोलायचंय का?"

रघूने सगळ्यांना हात जोडले आणि म्हणाला, "आपला आशीर्वाद असला तर पुढच्या वर्षी याच्यापेक्षा कमी जाळीन."

प्रकाश पुढे बँकेत लागला. तिथे त्याचं चांगलं झालं, असं ऐकलं.

*

बोईसरात तोपर्यंत उत्तरेकडची माणसं बरीच आली होती. आमच्याकडे रामसूरत नावाचा ड्रायव्हर लागला. कामाला वाघ, पण पगारवाढीसाठी दसऱ्यापर्यंत थांबायची त्याची तयारी नव्हती. भिवंडीहून आला की आत यायचा. "सेठ, कुछ बढ़ाइए."

शेठचं हिंदी म्हणजे मराठीलाच 'है' लावलेलं. एकदा ते फार वैतागले. त्यांना वाटलं हा आपली टिंगल करतोय. ते कडाडले, "देखो, मेरे पास चेष्टा नहीं चलेगा! काम में बिलकुल चेष्टा नहीं होना मंगता है! समझा?"

रामसूरत चपापला. बाहेर आला आणि मला म्हणाला, "बाबू, ऐसा मालिक पहली बार देखा."

मला तेव्हा त्यातलं काही कळलं नाही. पण त्या दिवसापासून वाघाची गाय झाली. भिवंडीला एका दिवसात जाऊन येणारा माणूस दोन दिवस लावायला लागला. वाटेत झाड दिसलं की झोप. दुसऱ्यांना सांगायचा, "सेठ का हुक्म है." पगारवाढीचं नावसुद्धा काढेना. शेठ खूश होते. म्हणायचे, "बघ, एकदा दम दिला की माणूस सुधारतो."

दसऱ्याला शेठनी त्याला विचारलं, "क्या किया सालभर?"

रामसूरत छाती काढून म्हणाला, "सेठ, आपने जैसा कहा था, वैसा ही किया. साल भर रत्ती भर चेष्टा नहीं की."

"शाबास!" शेठ म्हणाले, आणि त्याला भरघोस वाढ दिली.

हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न, मेहनत, हे मला पुढे आमच्या शेजारच्या हिंदीच्या मास्तरांनी सांगितलं. तोवर वाढ देऊन झाली होती. शेठना सांगायचं कोणी?

*

मध्ये एकदा संपही झाला. मोठा नव्हे. आमचे नवे ड्रायव्हर ऑफिससमोरच्या चिंचेखाली बसून राहिले, एवढंच. त्यांचं म्हणणं होतं की वाढ शेठच्या मनावर नको, ठरलेली हवी.

शेठ ऐकेनात. नेमका त्याच दिवशी एका रंगाच्या कारखान्यातून फोन आला. भिवंडीला ड्रम तातडीने पोचवायचे आहेत, नाहीतर काम दुसऱ्याला. पक्के ड्रायव्हर सगळे बाहेरगावी गेलेले. अंगणात एकच गाडी उभी होती. तिला सगळे 'म्हातारी' म्हणायचे. आमच्याकडची ती सगळ्यात जुनी गाडी, आणि रिवाज असा की सगळ्यात नव्या ड्रायव्हरला ती द्यायची.

शेठनी धोतर खोचलं. चिंचेखाली ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मी कोणाच्या जिवावर धंदा केलेला नाही. मी स्वतः नेतो. राऊत, बस."

मी बसलो. शेजारचा दरवाजा सुंभाने बांधलेला होता. दुसरा गिअर टाकला की आपोआप निघायचा, म्हणून शेठना गिअरचा दांडा गुडघ्याने दाबून धरावा लागे. त्याच वेळी क्लच दाबायचा म्हणजे माणसाला तिसरा पाय हवा. सीटमधून स्प्रिंग वर आलेली. इंजिनाची सगळी धग केबिनमध्ये. चालू स्थितीत एकच गोष्ट होती, हॉर्न. तो खड्ड्यात गाडी गेली की आपणहून वाजायचा.

चिल्हार फाट्यापर्यंत शेठ ड्रायव्हरांना शिव्या देत होते. हायवेला लागल्यावर गाडीला देऊ लागले. परत येताना एक अक्षर बोलले नाहीत.

ऊन उतरता उतरता आम्ही अंगणात आलो. शेठ खाली उतरले खरे, पण सरळ होईनात. काटकोनात वाकूनच ते चिंचेपर्यंत गेले. सगळे उठून उभे राहिले.

"ही गाडी सध्या कोणाकडे असते?" शेठनी जमिनीकडे बघत विचारलं.

सगळ्यात नव्या पोराने भीतभीत हात वर केला.

"किती महिने झाले?"

"शेठ, आखाडापासून."

"आणि तू अजून कामाला येतोस?" शेठ म्हणाले. मग मला म्हणाले, "राऊत, लिही. नव्यांची वाढ आजपासून ठरलेली. दर दसऱ्याला सगळ्यांना सारखी. आणि जो म्हातारी चालवेल, त्याला वर आणखी तेवढीच."

संप मिटला. त्या पोराच्या डोळ्यांत पाणी आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिस उघडतो तर दारात शिंदेमामा उभे. हे आमचे सगळ्यात जुने ड्रायव्हर, साताऱ्याकडचे. कंपनीत नवी गाडी आली की पहिला मान त्यांचा. कमरेवर हात ठेवून, चेहरा पाडून मामा म्हणाले,

"राऊत, शेठना सांग. नव्या गाडीत कंबर लई दुखते. ती म्हातारीच सोसंल मला आता."

*

जयवंत तांडेलची गोष्ट वेगळी. तो तारापूरजवळच्या नवापूरचा, दर्यावरचा. पण होडीत बसला की त्याला ओकारी व्हायची, म्हणून बापाने वैतागून त्याला ट्रकवर घातलं. गुणी पोरगा. त्याचा एकच दसरा झाला होता आणि लग्न ठरत होतं. मुलीची आई, पारूमावशी, बोईसरच्या बाजारात मासे विकायची. तिने निरोप धाडला, जावई 'पक्का' असेल तरच मुलगी देईन.

जयवंत शेठकडे रडकुंडीला आला. शेठ म्हणाले, "नियम म्हणजे नियम. एकाला सोडला की सगळे मागतील. दोन दसरे थांब."

दोन दिवसांनी दुपारी बाजार आटपून स्वतः पारूमावशी आली. रिकामी पाटी दाराशी ठेवली आणि उंबऱ्यावर बसली. शेठकडे त्या वेळी पलीकडचे ट्रान्सपोर्टवाले रतनशेठ चहाला आले होते. धंद्यात दोघं वैरी, चहाला दोस्त.

"कोनता मालक जयवंताचा?" मावशीने विचारलं.

"मी," नानाशेठ म्हणाले. "मुलगा चांगला आहे मावशी, पण पक्का करता येत नाही."

"बरा." मावशी म्हणाली. मग तिने जयवंतला हाक मारून मधोमध उभं केलं आणि रतनशेठकडे वळली. "तुमचे बी ट्रक हायत ना? मग बघा हा माल. मासा ताजा हाय का शिळा, त्याच्या डोल्यावरना कलते. याचे डोले बघा. लाल हायत का? दारू नाय, बिडी नाय."

रतनशेठ हसायला लागले. "मावशी, मी याला पुढच्या वर्षी पक्का करीन."

"एक झाला," मावशी म्हणाली आणि नानाशेठकडे बघितलं. "तुमी बोला."

"अहो, हा काय लिलाव आहे?" नानाशेठ म्हणाले.

"नाय बोलत तर नका बोलू. रतनशेठ, अजून वर बोला."

"दिवाळीला पक्का करीन," रतनशेठ रंगात आले. "आणि नवी गाडी देईन."

"दिवालीला पक्का, नवी गारी. एक वार..." मावशीने हात वर केला. "दोन वार..."

जयवंत बिचारा मध्ये उभा, कान लाल झालेले. नानाशेठ खुर्चीतून अर्धे उठले. मला माहीत होतं, नियम मोडणं त्यांना परवडलं असतं, पण रतनशेठपुढे हरणं नाही.

"आज," नानाशेठ म्हणाले. "आत्ता. आत्तापासून पक्का. राऊत, लिही."

"तीन वार," मावशी म्हणाली आणि पाटी उचलली. जाता जाता रतनशेठकडे वळून म्हणाली, "लग्नाला तुमी बी या. तुमी नसता तर भाव नसता आला. तुमाला पापलेट जास्ती वाढीन."

*

आता लहानूचं सांगतो.

लहानू जव्हारकडचा, डोंगरातला. घरी पावसावरचं थोडंसं भात, थोडी नागली. आधी आमच्याकडे हमालीला होता, मग गाडी शिकला, लायसन काढलं. हळू बोलायचा, गाडीही तशीच चालवायचा. त्याच्या गाडीतला काचेचा माल कधी फुटला नाही.

पण दसऱ्याच्या आसपास त्याचं भात कापणीला यायचं. घरी तो आणि धाकटा भाऊ, दोघंच कर्ते. त्यामुळे दसऱ्याच्या आधी लहानू गावी जायचा तो दिवाळी झाली की यायचा. आणि शेठच्या कायद्याप्रमाणे मध्ये सोडून गेलेला माणूस परत आला की नव्याने नवा. त्याचे दसरे पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. लहानूचा तर एकही दसरा मोजला जात नव्हता.

शंकर आला, नवा होता, पक्का झाला. जयवंत आला, पक्का झाला. यातल्या अर्ध्या लोकांना चिल्हारचं वळण कसं घ्यायचं ते लहानूने शिकवलेलं. तो मात्र नवाच. त्याची मुलगी शाळेत गेली, तरी नवाच.

एकदा मला म्हणाला, "राऊतभाऊ, मी कदी जुना होनार?"

मी म्हटलं, "एक वर्ष दसऱ्याला थांब ना. भाऊ कापील भात."

"एका मानसानं व्हत नाय. पाऊस आला तं सारा जाते."

मी शेठशी बोललो. शेठ म्हणाले, "मला काय कळत नाही का? माझंही शेत आहे. पण त्याला सोडलं तर रामसूरतला छटपूजेला सोडावं लागेल, शिंदेला गावच्या जत्रेला सोडावं लागेल. गाड्या मी चालवू?" म्हातारी चालवल्यापासून हा प्रश्न ते गंभीरपणे विचारायचे.

एका वर्षी दसरा जवळ आला तरी लहानू गावी गेला नाही. रोज वेळेवर येतोय, गाडी घेतोय, जातोय. शेठ खूश झाले. मला म्हणाले, "बघ, शेवटी आला ताळ्यावर."

मला मात्र शंका होती. लहानू एरवी गाडीत बसताना आधी टायरला हात लावून पाया पडायचा. हा पडत नव्हता. एरवी चहा बशीत ओतून प्यायचा, हा कपाने प्यायचा. शिंदेमामांनीही माझ्याकडे बघून नुसत्या भुवया उडवल्या. लहानूचा धाकटा भाऊ धाकल मनोरकडच्या खदानीवर ट्रक चालवायचा, लायसनवाला होता, आणि दोघं भाऊ तोंडावळ्याने एकाला झाका नि दुसऱ्याला काढा असे. गावी भात कापायला या वेळी दोघांच्या बायका आणि लहानू असणार, हे आम्ही समजून घेतलं. शेठ चष्मा लावत होते, पण तो हिशोब बघताना.

दसरा उजाडला. गाड्या धुतल्या, झेंडूच्या माळा घातल्या, चाकाखाली लिंबं ठेवली. शेठनी नारळ फोडले. मग नव्यांना एका ओळीत उभं केलं. लहानू म्हणून जो होता तो शेवटी उभा होता, नवा सदरा घालून.

एवढ्यात फाटकातून आणखी एक जण आला. पायाला चिखल, केसांत भाताचा भुसा, डोक्यावर छोटं गाठोडं. रात्रंदिवस खपून भात उरकून, मिळेल त्या गाडीने खाली आलेला. इतक्या वर्षांत त्याने आपलं नाव दसऱ्याला पुकारलेलं कधी ऐकलं नव्हतं. ते कानांनी ऐकावं म्हणून आला होता, असं त्याने मला नंतर सांगितलं. बिचारा आपला फाटकाशी, शेवग्याच्या झाडाआड उभा राहिला.

शेठनी नावं पुकारायला सुरुवात केली. शेवटी म्हणाले, "लहानू."

"हाय," ओळीतला म्हणाला.

"हाय," झाडाआडचाही म्हणाला. सवयीने तोंडातून निघून गेलं असणार.

शेठनी ओळीकडे बघितलं, मग झाडाकडे. खिशातून चष्मा काढला, धोतराच्या टोकाला पुसला, लावला आणि पुन्हा दोन्हीकडे बघितलं.

"इकडे या. दोघंही."

दोघं पुढे येऊन उभे राहिले. एकाचे पाय स्वच्छ, एकाचे चिखलाचे. बाकी काही फरक नाही.

"वर्ष कोणाचं भरलं?" शेठनी विचारलं.

चिखलाच्या पायांच्या लहानूने भावाकडे बोट केलं. "याचा. गाडी यानं चालवली."

त्याच वेळी धाकलने लहानूकडे बोट केलं. "त्याचा. मी काय, आता आलो."

मला वाटलं, आता दोघांनाही हाकलणार. शिंदेमामा मध्ये पडायला पुढे सरकले.

"भात कसं झालं?" शेठनी विचारलं.

"बरा झाला," दोघं एकदम म्हणाले.

"भिजलं नाही ना?"

"नाय."

शेठनी चष्मा काढून खिशात ठेवला. "राऊत, लिही. लहानू, दसरा मोजला. आणि मागचेही मोज. आजपासून पक्का."

मी पेन काढलं आणि हळूच विचारलं, "शेठ, यातला कोणता लहानू?"

"उद्या सकाळी जो गाडीवर येईल तो," शेठ म्हणाले आणि घरी जेवायला गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीवर दोघंही आले. एकाने टायरला हात लावून नमस्कार केला, भावाला ड्रायव्हरच्या जागी बसवलं आणि स्वतः क्लीनरच्या बाजूला जाऊन बसला.